ड जीवनसत्त्व: बाळाला थेंब द्यावेत की आईने गोळ्या घ्याव्यात?

आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फारच कमी उतरतं, लिटरमागे जेमतेम २५ ते ८० आययू (जीवनसत्त्व मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक). बाळाला रोज हवं ४०० आययू, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. ही तूट तशीच राहिली तर मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार, होऊ शकतो: मनगटं रुंदावतात, टाळू उशिरा भरते, स्नायू अशक्त राहिल्याने बसणं-चालणं लांबतं.

थेंब जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच सुरू करून निदान वर्षभर द्यावे लागतात. चूक होते ती मापात. ४०० आययू एका बाटलीत १ मिलीत असतं, दुसरीत अर्ध्या मिलीत, तिसरीत एकाच थेंबात. बाटली बदलली पण सवय जुनीच राहिली, की एकथेंबी औषधाचे दहा थेंब जातात आणि बाळाच्या पोटात एकदम ४,००० आययू. पहिल्या सहा महिन्यांत रोजची कमाल मर्यादा १,००० आहे. म्हणून नव्या बाटलीवरचं माप दर वेळी वाचा, ड्रॉपर तिचाच वापरा. डोकं थोडं उंच धरून औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. दुधाच्या बाटलीत मिसळू नका. दूध उरलं की औषधही उरतं.

आईच्या गोळ्यांचा मार्गही खरा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आईने रोज ६,४०० आययू घेतल्यावर बाळांच्या रक्तातली पातळी थेंब घेणाऱ्या बाळांइतकीच भरली. पण नेहमीच्या ४००-६०० आययूच्या गोळीने हे साधत नाही. शिवाय दुधात उतरणारं मूळ रूपातलं ड जीवनसत्त्व आईच्या रक्तात फार काळ टिकत नाही, त्यामुळे गोळी चुकली की दुधातलं प्रमाण लगेच घसरतं. मूतखडा किंवा रक्तात कॅल्शियम जास्त असलेल्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मार्ग धरूच नये. बाळ मुख्यतः अंगावर पीत असेल तरच याचा उपयोग.

आमचा कौल थेंबांना. बाळाला नेमकं किती मिळालं, ते डोळ्यांसमोर असतं.

फॉर्म्युला (बाळासाठीचं डब्याचं दूध) रोज साधारण लिटरभर जात असेल तर थेंब लागत नाहीत. त्याहून कमी असेल तर चालू ठेवा. कोवळ्या उन्हावर विसंबू नका, त्वचा भाजते आणि मात्रा मोजता येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मात्रा डॉक्टरच ठरवतील.

जास्त दिल्याने विकास लवकर होतो, हा समज सोडा. फिनलंडमधल्या चाचणीत दोन वर्षं रोज १,२०० आययू घेतलेल्या मुलांची हाडं ४०० वाल्यांपेक्षा मजबूत निघाली नाहीत. उलट्या, बद्धकोष्ठ, दूध नकोसं होणं, वारंवार लघवी ही अतिमात्रेची लक्षणं दिसली तर थेंब थांबवा, आणि दवाखान्यात जाताना बाटली व ड्रॉपर दोन्ही सोबत न्या.