कोमो तलाव ट्रेननं, दोन दिवसात: आधी स्टेशनपासून बोटीचा धक्का किती लांब ते बघा

मे महिन्याच्या शेवटी मिलानला चार दिवस होतो, त्यातले दोन कोमो तलावासाठी ठेवले. मी आणि आई दोघीच, आई ६८ वर्षांची, एक गुडघा दुखरा, आणि तलावाकाठचे ते अरुंद रस्ते बघून गाडी भाड्यानं घ्यायचा विचार पहिल्याच दिवशी सोडून दिला. म्हणजे उरलं काय तर ट्रेन आणि बोट. तर हा रिव्ह्यू त्या ट्रेन-बोट जोडीचा आहे, हॉटेलचा नाही.

जायच्या आधी मी पंधरा दिवस नुसते व्हिडिओ बघत होते आणि डोकं पार चक्रावलं होतं, कारण प्रत्येक जण म्हणतो बेलाजिओला राहा, आणि बेलाजिओला रेल्वे स्टेशनच नाही! मेनाजिओलाही नाही. तलाव म्हणजे उलटा केलेला इंग्रजी वाय समजा, दोन पाय खाली आणि एक वर, आणि बेलाजिओ बरोब्बर मध्ये, जिथे पाय फुटतात तिथे. दिसायला छान पण सामान घेऊन पोचायचं तर बोट किंवा बस. मग मी गावं निवडायची एकच कसोटी ठेवली, स्टेशनातून बाहेर पडल्यावर पाण्यापर्यंत किती चालायचं. पहिल्यांदा जात असाल आणि दोनच दिवस असतील तर तुम्हीही हेच करा असं मी मनापासून सांगेन.

या कसोटीला वारेन्ना पहिलं येतं. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून साधारण एक तास, तिकीट सात-आठ युरोच्या आसपास, रिझर्व्हेशन वगैरे काही नाही, पॅसेंजर गाडीच ती. पण बोर्डावर वारेन्ना शोधत बसू नका, ते नाव शेवटचं स्टेशन म्हणून कधीच दिसत नाही, गाडी तिरानोची किंवा सोंद्रिओची असते. आम्ही बोर्डाखाली दहा मिनिटं उभ्या, आई म्हणाली, "अगं, तो बघ तिरानो, तू रात्री तेच नाव घेत होतीस ना?" तीच गाडी. स्टेशनचं पूर्ण नाव वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो आहे, तेही लिहून ठेवा.

कागदी तिकीट असेल तर गाडीत बसायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालायचं, खट्ट आवाज येतो आणि कडेला तारीख-वेळ उमटते. उमटली का ते डोळ्यांनी बघा. आमच्या पहिल्या तिकिटावर शाई इतकी फिकट आली की वाचताच येईना, मग शेजारच्या मशीनमध्ये पुन्हा घातलं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. फोनवरच्या तिकिटाचे नियम वेगळे, घेताना ते वाचून घ्या.

आता बसायचं कुठे, तर गाडी जाते त्या दिशेला तोंड करून डावीकडची खिडकी. हे फार महत्त्वाचं आहे, उजवीकडे सगळा वेळ डोंगराची भिंत. लेको हे तलावाकाठचं शहर यायच्या थोडं आधी पाणी दिसायला लागतं आणि सगळे मोबाईल काढतात, पण ते गार्लाते नावाचं वेगळं लहान तळं आहे. खरा तलाव लेकोनंतर. मग बोगदा, पाणी, बोगदा, पाणी असं सुरू होतं, अगदी आपल्या कोकण रेल्वेसारखं, फक्त इथे बोगद्यातून बाहेर आलं की खाली निळं पाणी आणि पलीकडे सरळ उभे डोंगर. चारशे मीटरहून जास्त खोल आहे हा तलाव, आणि डोंगर ज्या तिरकेपणानं पाण्यात उतरतात ते बघून ती खोली पटते. आई त्या वीस मिनिटांत एक शब्द बोलली नाही, नुसती काचेला कपाळ टेकवून बसली होती.

वारेन्ना स्टेशनवरून धक्का दहा मिनिटं, आणि उतार. जाताना सोपं, येताना चढ, गुडघ्याचा त्रास असेल तर परतीला वेळ जास्त ठेवा. चाकांची मोठी बॅग मात्र नेऊच नका. गावातल्या गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच आहेत, थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या. आम्ही मोठ्या बॅगा चेंत्राले स्टेशनच्या लगेज रूममध्ये ठेवल्या आणि खांद्यावर एकेक सॅक, हा निर्णय सगळ्यात चांगला ठरला. धक्क्यापासून गावाकडे लाल लोखंडी कठड्याची एक वाट पाण्यावरूनच जाते, संध्याकाळी त्या वाटेवर जा, दिवसभराची गर्दी परत गेलेली असते.

मी शाळेत फिजिक्स शिकवते म्हणून वारेन्नातलं व्हिला मोनास्तेरो माझ्यासाठी खास होतं. लोक बागेसाठी जातात, बाग सुंदर आहेच, तलावाच्या कडेकडेनं लांबच लांब. पण एन्रिको फर्मीनं १९५४ च्या उन्हाळ्यात तिथे लेक्चर्स दिली होती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. त्याच्या नावाची फिजिक्सची समर स्कूल अजून तिथे भरते. नववीच्या वर्गात ज्याचं नाव फळ्यावर लिहिते तो माणूस या कट्ट्यावर बसून पाणी बघत असेल, या विचारानं मला खरंच भरून आलं.

खाण्याचं पटकन सांगते. आई शाकाहारी. पित्सोक्केरी म्हणून एक प्रकार मिळतो, कुट्टूच्या पिठाचा जाड पास्ता, त्यात कोबी, बटाटा आणि चीज, पोटभर होतं. पण कडक शाकाहारी असाल तर पार्मेजानसारख्या चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध घट्ट करायचं द्रव्य असतं, विचारून घ्या. बिलात कोपेर्तो म्हणून, म्हणजे नुसतं टेबलावर बसल्याचे, माणशी थोडे युरो लागतात, ती फसवणूक नाही, तिथली रीतच आहे. धक्क्यासमोरच्या एका कॅफेत मात्र आम्ही न मागवलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या बिलात लावल्या होत्या, दाखवल्यावर काढल्या, पण सॉरी नाही. दोन गल्ल्या वर गेलात की जेवण स्वस्त आणि माणसंही जास्त प्रेमळ.

बोट. वारेन्ना ते बेलाजिओ पंधरा मिनिटं, तिकीट पाच युरोच्या आसपास. गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीवर पायी माणसांनाही घेतात, तीच घ्या, वरच्या डेकवर मोकळं उभं राहता येतं. बोट लागताना खलाशी दोराचा फास खुंटावर एका फेकीत अडकवतो, फळी टाकतो आणि हात पुढे करतो, आईचा हात धरून त्यानं तिला इतकं हळू उतरवलं की ती अजून त्याचं नाव काढते. बेलाजिओत दुकानांच्या पायऱ्यांवर फार वेळ घालवू नका, दहा मिनिटं चालत टोकाला पुंता स्पार्तिवेंतोला जा. तिथून तलावाचे तिन्ही हात एकदम दिसतात आणि नकाशा डोक्यात पक्का बसतो.

परतताना आलो त्याच वाटेनं नाही गेलो. बेलाजिओवरून बोटीनं कोमो शहर. साधी बोट दोन तास घेते, या काठावरून त्या काठावर गावं शिवत जाते. जलद बोट पाऊण तासात नेते पण पैसे जास्त आणि आत बंद काचेत बसायचं. वेळ असेल तर साधीच. कोमोत दोन स्टेशनं आहेत, आणि इथे खूप जण चुकतात. सान जोवान्नी जरा लांब आहे, कोमो लागो अगदी तलावाकाठी, धक्क्यापासून चार-पाच मिनिटं. पण कोमो लागोची गाडी मिलानला कादोर्ना स्टेशनवर जाते, चेंत्रालेला नाही! बॅगा चेंत्रालेला असतील तर कादोर्नावरून मेट्रोची हिरवी लाईन पकडायची, बदलावी लागत नाही.

कोमोत आम्हाला तीन तास मिळाले. १८९४ पासून चालणारी ब्रुनातेची दोरीची रेल्वे सात मिनिटांत वर नेते, आणि बॅटरीचा जनक व्होल्टा याच गावचा, १७४५ चा जन्म, त्याचं स्मारक पाण्याकाठीच आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गर्दीसाठी कापला, अकरा ते चार धक्क्यावर उभं राहायलाही जागा नसते, त्यामुळे रात्री वारेन्नातच राहा आणि सकाळी पहिल्या बोटींपैकी एक पकडा. निघायच्या आदल्या रात्री रेल्वेचा संप म्हणजे शोपेरो आहे का तेही बघा, असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडतात. आणि धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, सीझननुसार वेळा बदलतात, आमच्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाची शेवटची बोट वीस मिनिटांपूर्वीच गेली होती.