जिवाणू खतांच्या तीन बाटल्या : अकरा महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकतो, आडसाली (पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तुटणारा) ऊस अजून रानात उभा आहे. एकरी किती टन पडला ते कारखान्याच्या काट्यावर कळेल, मला विचारू नका. उसाला जिवाणू खतं, म्हणजे पिकाला अन्न मिळवून देणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या बाटल्या, वापरून बघितल्या; त्या अकरा महिन्यांत डोळ्यांनी जे बघितलं तेवढंच लिहितोय.

वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी आमचं अडीच एकर काळं रान. दीड एकरात गेल्या जुलैत को 86032 या जातीच्या उसाची लागण केली, सऱ्यांवर सोयाबीन टोकलं. उरलेल्या एकरात जानेवारीपासून खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के, चुनखडी भरपूर. वीस वर्षं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) रासायनिक खत, ओतूनसुद्धा 'उपलब्ध स्फुरद' कमी. बाटल्यांकडं वळलो ते हा कागद बघून. आपल्या चुनखडीच्या रानात स्फुरद वाहून जात नाही, कॅल्शियमला धरून बसतो. टाकलेल्यातला पंधरा-वीस टक्के पहिल्या पिकाला मिळाला तरी पुष्कळ. बाकीचा रानातच असतो, फक्त मुळाला घेता येत नाही. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, मुळाजवळ सेंद्रिय आम्लं सोडतात आणि त्यातला थोडा थोडा मोकळा करतात. त्यांचं काम एवढंच. ते नवा स्फुरद आणत नाहीत.

घेतलं काय, तर नत्रासाठी (नायट्रोजनसाठी) अ‍ॅसिटोबॅक्टर, स्फुरदासाठी पीएसबी आणि पोटॅश मोकळा करणाऱ्या जिवाणूंची अशा तीन बाटल्या, सोयाबीनला रायझोबियमचं, म्हणजे मुळावरच्या गाठींत नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट. सगळं मिळून डीएपीच्या एका गोणीएवढे पैसे गेले.

पहिल्याच खेपेला फसलो. दुकानात बाटल्या काचेच्या कपाटात, ऊन थेट अंगावर. मीही बावळटासारखा उचलून आणल्या आणि मोटारीच्या खोलीत पत्र्याखाली ठेवल्या. घरी येऊन बघतो तर मुदत संपायला वीस दिवस. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं द्रवरूप जिवाणू खतात एका मिलीत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. यातला 'जिवंत' हा शब्द दुकानदार विसरतो आणि आपणही विसरतो. युरियाची गोणी उन्हात पडली तरी युरियाच राहते, ही बाटली उन्हात राहिली की आत नुसतं गढूळ पाणी. ती खेप ओतून दिली. दुसरी आणली ती ताजी तारीख बघून, आणि घरात माठाशेजारी ठेवली. आई म्हणाली, "आता विरजणासारखं सांभाळा." खरंच तसंच आहे ते.

लागणीला कृषी विद्यापीठाची शिफारस पाळली: टिपरी (लावायचे उसाचे तुकडे) आधी बुरशीनाशकाच्या पाण्यात, मग वेगळ्या टाकीत जिवाणूंच्या पाण्यात अर्धा तास. हा क्रम उलटा झाला किंवा दोन्ही एकाच टाकीत घातलं तर पैसे पाण्यात. आमच्या गड्यानं वेळ वाचवायला एका टाकीत कालवायला काढलं होतं, वेळेवर दिसलं म्हणून बरं.

अ‍ॅसिटोबॅक्टरची गंमत अशी की तो उसाच्या आत राहतो, कांड्यात आणि मुळात. उसातली साखर खातो आणि त्या बदल्यात हवेतला नत्र उसाला देतो. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली हा उसातला जिवाणू जगासमोर आणला. शिफारशीप्रमाणं यानं नत्र निम्म्यानं कमी करता येतो म्हणतात. माझी एवढी छाती झाली नाही. आडसालीला एकरी 160 किलो नत्र, म्हणजे सगळं युरियातून धरलं तर 45 किलोच्या जवळजवळ आठ गोण्या. त्यातला चौथा हिस्सा कापला, आणि आठ सऱ्या मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. त्यांना बाटली नाही, पण नत्र पूर्ण.

मोठ्या भरणीच्या (उसाच्या बुडाला माती चढवायच्या) आधी फुटवे, म्हणजे बुडातून आलेले कोंब, मोजले. वरच्या अंगाला, जिथं पाण्याचा निचरा चांगला आहे, तिथं तीन हिस्से नत्रावरच्या सऱ्या आणि कोऱ्या सऱ्या सारख्याच. पानाचा हिरवेपणाही सारखा. म्हणजे दोन गोण्यांचा युरिया वाचला असं मी धरतो. खालच्या अंगाला, ओढ्याकडं, बाटलीनं काही केलं नाही. बाटलीवाली सरी पिवळी आणि कोरी सरीही पिवळीच.

चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, ती जागा दाखवली. त्यांनी मूठभर माती उचलून वास घेतला नि म्हणाले, "हितं वाफसा कुठाय? दम कोंडलाय रानाचा." त्यांना जिवाणूंची नावं माहीत नाहीत, पण गोष्ट तीच आहे. पाणी साचलं की मातीतली हवा जाते. अमोनियमचा नायट्रेट करणारे जिवाणू हवेशिवाय थांबतात, आणि हवा नसतानाही जगणारे दुसरे जिवाणू आधीच्या नायट्रेटचा वायू करून उडवून देतात. म्हणजे आपण दिलेला नत्र आपल्याच रानातले जिवाणू आभाळात सोडतात. रात्रीची लाईट आली की रानात पाणी सोडून झोपणाऱ्या आमच्या गावात किती युरिया असा जातो, कुणी मोजत नाही.

सोयाबीनचं थोडक्यात. मुळावरच्या गाठी कापून बघितल्या, आतून लालसर होत्या, म्हणजे कामाला लागलेल्या. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर समजायचं की नत्र बांधला जात नाही. पण कोऱ्या सऱ्यांतही गाठी होत्याच. आमच्यात दरवर्षी सोयाबीन असतं, त्याचे जिवाणू रानात आधीच आहेत. ज्याच्या रानात सोयाबीन पहिल्यांदा होतंय त्यानं पाकीट चुकवू नये, बाकीच्यांना फरक दिसेलच असं नाही. पोटॅशच्या बाटलीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. काळ्या रानात पोटॅश मुळातच बऱ्यापैकी असतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते खोडव्यानं, आणि तेही चुकून. यंदा पाचट (तोडणीनंतर राहिलेला उसाचा वाळला पाला) पेटवलं नाही, सरीआड सरी पसरलं. त्यावर शिफारशीप्रमाणं एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. एका कोपऱ्यात युरिया कमी पडला. "उद्या आणून टाकू" म्हटलं आणि राहून गेलं. तीन आठवड्यांनी तोच कोपरा पिवळा. मला वाटलं, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली. उपटून बघितलं तर मुळं ठणठणीत.

मग डोक्यात प्रकाश पडला. पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का, आणि कर्ब त्याच्या सत्तर-ऐंशी पट. जिवाणूंच्या अंगात मात्र आठ-दहा भाग कर्बाला एक भाग नत्र लागतो. ताटात भाकरी ढीगभर आणि कोरड्यास नाही, अशी गत. मग ते मातीतला नत्र ओढून घेतात, आणि पीक उपाशी राहतं. वरून टाकलेला युरिया उसासाठी नसतोच, तो त्यांच्या कोरड्यासासाठी. पाचट खाऊन झालं की ते मरतात आणि अंगातला नत्र परत मातीत पडतो. त्या कोपऱ्याला पंधरा किलो युरिया उशिरानं दिला. मे महिन्यात तिथलं पान बाकीच्यांच्या रंगाला आलं. मधल्या काळात गेलेले फुटवे काही परत आले नाहीत.

आता पाचट हातात चुरगळतं, खाली गांडुळं आहेत. या एकराला पीएसबी आळवणी करून, म्हणजे पाण्यात मिसळून बुडाशी ओतून, दिली होती. लागणीपेक्षा इथं मुळं जास्त पांढरी आणि झुपकेदार दिसतात. बाटलीमुळं की पाचटाखालच्या ओलीमुळं, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. कोऱ्या सऱ्या मी इथं ठेवल्याच नाहीत, ती माझी चूक.

पुढच्या लागणीला पोटॅशची बाटली घेणार नाही. अ‍ॅसिटोबॅक्टर आणि पीएसबी घेणार, मुदत वाचून. पण त्याआधी ओढ्याकडच्या अंगाला चर काढायचा आहे. तात्यांनी जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय, तो पाऊस लागायच्या आत येतो की नाही ते बघायचं.