इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप, सात महिन्यांनंतर: कान तयार झाला, ‘काल’पाशी मात्र अडलं

वर्षाचे १,४९९ रुपये भरून सात महिने झाले. परवा पुन्हा तेच वाक्य समोर आलं, म्हणून लिहायला बसले.

‘मी काल पत्र पाठवलं आहे.’ याचं इंग्रजी करा. मी लिहिलं, “आय हॅव सेंट द लेटर येस्टरडे.” लाल फुली. बरोबर उत्तर, “आय सेंट द लेटर येस्टरडे.” का, ते कुठेच नाही.

अहो, पण ‘आहे’ तुम्हीच लिहिलंय ना? त्याच धड्याच्या वर तक्ता आहे: ‘पाठवलं’ म्हणजे साधा भूतकाळ, ‘पाठवलं आहे’ म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, तिथे हॅव किंवा हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप. तक्ता पाळला की फुली. मराठीत ‘कालच पाठवलंय’ आपण दिवसातून दहादा म्हणतो, त्यात चूक काहीच नाही. चुकलंय ते तक्ता करणाऱ्याचं. तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर, दाखवलेलं उत्तर बरोबर आहे. ते मलाही कळलं होतं, मला कारण हवं होतं.

एवढं मनाला लागलं कारण माझं इंग्रजी पाचवीपासूनचं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हा मी दहावीत होते. आता महापेला डिस्पॅच बघते. दिवसभर मेल: माल निघाला, माल पोचला, चलन कालच पाठवलंय. म्हणजे नेमकं हेच वाक्य मी वर्षानुवर्षं चुकीचं लिहीत आले.

कारण शेवटी नौपाड्यात आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त बाईंनी सांगितलं. “अगं, आधी प्रश्न बघ. ‘पाठवलंस का?’ असं कुणी विचारलं तर हॅव. ‘कधी पाठवलंस?’ विचारलं तर हॅव नको. काल म्हटलंस की ती वेळ संपली.”

“आणि आज सकाळी म्हटलं तर?”

“सकाळ अजून चालू असेल तर हॅव चालेल. दुपारची जेवणं झाल्यावर नाही.”

दोन मिनिटांचं काम! एवढं अ‍ॅपला का लिहिता येऊ नये?

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ मात्र चांगलं घोटून घेतलं. ‘मी २००९पासून ठाण्यात राहते’ याला मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत ‘हॅव लिव्ह्ड’ लागतं. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ तर आता तोंडात येतच नाही.

तरी चौथ्या महिन्यात मी पैसे परत मागायच्या बेतात होते. मग ऐकण्याचे धडे सुरू झाले आणि मत बदललं. ठाण्याहून घणसोलीपर्यंत ट्रान्सहार्बर लोकलला इयरफोन लावून बसायचे. “आय'व्ह सेंट” मधला ‘व्ह’ इतका पुसट, की पहिले काही दिवस मला तो ऐकूच येईना. “ही'ज गॉन” मधला ‘ज’ हॅजचा, “ही'ज गोइंग” मधला इजचा, आणि ते कळतं पुढच्या शब्दावरून. ऐरोली गेलं, रबाळे आलं, तरी तेच वाक्य पुन्हा पुन्हा लावत होते. मागच्या महिन्यात एका ग्राहकाच्या ऑफिसातून फोन आला, “ही'ज बीन टू युवर गोडाऊन.” माणूस आमच्या गोडाऊनला जाऊन परत आलाय, हे मला त्याच क्षणी कळलं. फोन ठेवल्यावर फार बरं वाटलं.

आणि इथेही पुन्हा मराठीचीच हेळसांड. ‘साहेब पुण्याला गेलेत’ म्हणजे गॉन, ‘जाऊन आलेत’ म्हणजे बीन. आपल्या भाषेत हा फरक आयता तयार आहे! अ‍ॅपने दोन्हींना ‘गेले आहेत’ लिहून ठेवलंय.

घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, ऐकण्याच्या धड्यांपासून सुरू करा, मराठी तक्ते सोडून द्या. आपोआप नूतनीकरण मी बंद केलंय. काल चौथा मेल केला आहे, त्यात ‘पाठवलंस का?’ आणि ‘कधी पाठवलंस?’च्या त्या दोन ओळी धड्यात घालता येतील अशा लिहूनच दिल्या आहेत.