लेकीकडे कायमचं जावं, की पुण्यातूनच ये-जा करावी?

आमच्या सोसायटीत सध्या तीन घरांत एकच विषय आहे. मुलांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय, आता आई-बाबांचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं कायम राहण्याचा परवाना, करायचं का? मी लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला, दोनदा सहा-सहा महिने राहून आले आहे. आमचं ठरलंय: पुण्याचं घर ठेवायचं आणि अंगात बळ आहे तोवर ये-जा करायची. पण हे प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

आधी कागद. मूल नागरिक असेल आणि २१ वर्षं पूर्ण असतील, तर आई-वडिलांना ग्रीन कार्डासाठी वार्षिक कोट्याची रांग लागत नाही. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर तुमच्यासाठी अर्जच करता येत नाही. व्हिजिटर व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला साधारण सहा महिनेच मिळतात. म्हणजे व्हिसावर तिथं जास्त राहता येत नाही आणि ग्रीन कार्डावर इथं! री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न काढता वर्षभर पुण्यात राहिलात, तर कार्डच धोक्यात येतं. भाचीचं लग्न, घराचं काम, गुडघ्याचं ऑपरेशन असं एकेक निघत गेलं की वर्ष कधी सरतं कळत नाही.

पैशांचं थोडक्यात. ग्रीन कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न तिथं दाखवावं लागतं. इथल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तेही कळवावं लागतं. एफडी धरल्या तर बहुतेकांची जातेच. पीपीएफचं व्याज इथं करमुक्त आहे, तिथं नाही, आणि आपल्या म्युच्युअल फंडांना तिथले नियम फार कडक आहेत. एनआरआय झालात की सीनियर सिटिझन स्कीममध्ये नवे पैसे टाकता येत नाहीत, शेतजमीन विकत घेता येत नाही. निघण्याआधी दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सीएकडे जाच.

खरा प्रश्न आजारपणाचा. ६५ नंतर मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मिळतं, पण ग्रीन कार्डावर आधी सलग पाच वर्षं तिथं काढावी लागतात. तिथं नोकरी केलेली नसल्यामुळे त्यातल्या रुग्णालयाच्या खर्चाच्या भागासाठीही दरमहा हप्ता भरावा लागतो. मधली पाच वर्षं खासगी विमा, तोही महाग. दुसऱ्या खेपेला ह्यांच्या दाढेची कॅप निघाली. आमच्या प्रवास विम्यात ते बसत नव्हतं. शेवटी ह्यांनी दीड महिना मऊ भात आणि वरणावर काढला, आणि पुण्यात उतरल्यावर चौथ्या दिवशी आपल्या डॉक्टरांकडे कॅप बसवली. इथं डॉक्टर ओळखीचे, औषधं फोनवर घरपोच. सत्तरी ओलांडल्यावर आयुष्मान कार्डावर योजनेतल्या रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, उत्पन्नाची अट नाही.

आता दिवस कसा जातो ते. ओक ट्री रोडवर भाकरवडीपासून पूजेच्या सुपारीपर्यंत सगळं मिळतं, पण तिथवर न्यायला कुणीतरी लागतं. जानेवारीत सकाळी आठला घर रिकामं व्हायचं. मग मी खिडकीशी बसून शाळेच्या पिवळ्या बसची वाट बघायची. इथं त्याच वेळेत भाजीवाला, पोळ्यांच्या बाई आणि वॉचमनशी मिळून माझी वीस वाक्यं तरी बोलून होतात. पण ती बस आली की नातू दारातूनच ओरडायचा, "आजी, भूक!" सहा महिन्यांत तो मराठीत भांडायला लागला होता. व्हिडिओ कॉलवर हे होत नाही, आणि ही वर्षं परत येत नाहीत. नातवंडं लहान असतील तर हे पारडं खरंच जड आहे.

दोघं असलो की कुठेही निभतं. विचार एकटं उरण्याचा करायला हवा, आणि तोच आपण टाळतो. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरचे काका रात्री बाथरूममध्ये पडले. सकाळी नऊ वाजले तरी दुधाची पिशवी कडीलाच लटकलेली दिसली, म्हणून कळलं. मुलगा पोहोचला तो तिसऱ्या दिवशी. शेजार कितीही चांगला असला तरी हे असं असतं.

म्हणून माझं मत असं: पुढे कधीतरी मुलांकडेच राहायचं असेल, तर पासष्टीच्या आतबाहेर, तब्येत धड असताना जा. गाडी चालवायला शिका, तिथल्या महाराष्ट्र मंडळात ओळखी करा, आणि पहिली पाच वर्षं पुण्याचं घर विकू नका. जायचं नसेल, तर एकटं राहण्याची सोय आत्ताच करा. अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहती पुण्यात आहेत, त्या हातपाय चालतात तोवर बघून या.

आम्ही शेजारी किल्ली दिली आहे, बाथरूमला आतून कडी लावणं बंद केलंय. लेकीशी बोलणं झालंय की आमच्यातलं एकच उरलं तर पुन्हा विचार करू. अर्ज तेव्हाही करता येईल. फक्त मेडिकेअरची ती पाच वर्षं तिथं गेल्यापासूनच मोजली जातील, हे आम्हाला तिघांनाही माहीत आहे.