जीवसृष्टीच्या शोधावरचा ऑनलाइन कोर्स: पाचव्या आठवड्यासाठी तरी कराच

आठ आठवड्यांचा ॲस्ट्रोबायॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स परवा रात्री संपवला. पृथ्वीवर जीव सुरू कसा झाला आणि तो आणखी कुठे असेल का, हा विषय. मी सायन्सची नाही, केमिस्ट्री तर बारावीला सुटली ती सुटलीच, पण हा प्रश्न लहानपणापासून डोक्यात आहे म्हणून नाव नोंदवलं. कोर्स मला खूप आवडला आणि त्याचं मुख्य कारण पाचवा आठवडा.

तो आठवडा व्हायकिंगचा. १९७६ ला मंगळावर व्हायकिंग नावाची दोन यानं उतरली, त्यांनी तिथल्या मातीत पोषक द्रवाचा थेंब टाकला, त्या द्रवातला कार्बन किरणोत्सारी होता. मातीत कोणी जिवंत असेल तर ते हे खाईल आणि किरणोत्सारी वायू बाहेर सोडेल, इतकी साधी आयडिया. व्हिडिओ इथेच थांबतो आणि स्क्रीनवर नुसता ग्राफ येतो, रेष सरसर वर चढलेली. मग दुसरा ग्राफ, तीच माती पण आधी १६० डिग्रीला तापवून घेतलेली, रेष खाली चिकटून बसलेली. म्हणजे मातीत जे काही होतं ते तापवल्यावर मेलं, असंच वाटतं ना? खाली विचारतात, जीव आहे की नाही, कारण लिहा. मी 'आहे' लिहिलं, चांगल्या पाच-सहा ओळी लिहिल्या. मग तिसरा ग्राफ उघडतो. थेंब परत टाकल्यावर वायू वाढायला हवा होता, तो उलट कमी झाला. आणि त्याच यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत मंगळाचे म्हणावेत असे सेंद्रिय रेणूच मिळाले नाहीत. खाणारा आहे पण त्याचं शरीर ज्याचं बनतं तेच नाही, हे कसं जमायचं? मी उत्तर बदललं. तेवढ्यात २००८ येतं, फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन-ऑक्सिजनचे क्षार, सापडतात, आणि परक्लोरेटवाली माती तापवली की त्यातले सेंद्रिय रेणू जळून जातात, आणि व्हायकिंगचं ते दुसरं उपकरण माती तापवूनच तपासायचं! परत सगळं डळमळीत. आज बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात ती मातीतली रासायनिक क्रियाच होती, पण तो प्रयोग बनवणारे गिल्बर्ट लेविन २०२१ मध्ये गेले तोपर्यंत 'आम्हाला जीव सापडला होता' यावर ठाम होते. दोन्ही बाजू अशा समोर ठेवल्यात की मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच.

जीवाच्या सुरुवातीचे आठवडे त्यामानाने कमीजास्त आहेत. १९५३ चा मिलरचा प्रयोग आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ, त्यात ठिणग्या आणि अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं ते रेणू, तयार. पण २००७ मध्ये मिलर गेल्यावर त्यांच्या जुन्या सामानातल्या कुप्या परत तपासल्या आणि ज्वालामुखीसारखी वाफ सोडणाऱ्या उपकरणातल्या नमुन्यांत तब्बल २२ अमिनो ॲसिड निघाली, हे मला नवीन होतं. पन्नास वर्षं पडून असलेल्या कुप्या!

आरएनए, म्हणजे डीएनएचा पेशीतला भाऊबंद रेणू, मात्र घाईघाईत उरकलंय, आणि नेमकं तिथेच थांबायला हवं होतं. प्रोटीन बनवायला डीएनएतली माहिती लागते आणि ती वाचायला परत प्रोटीनच लागतं, मग आधी कोंबडी की आधी अंडं? आरएनए माहितीही साठवतं आणि स्वतः क्रियाही घडवतं, हे थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, त्याला १९८९ चं नोबेल मिळालं, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला जेमतेम बारा मिनिटं. मी ते तीनदा पाहिलं तेव्हा कळलं.

बेन्नूचा भाग अपडेट केलाय हे बरं झालं. २०२३ मध्ये या लघुग्रहाची माती पृथ्वीवर आली, त्यात आपले जीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो ॲसिड आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं मिळाली. पण अमिनो ॲसिड आपल्या दोन हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा अशी, डावी आणि उजवी असतात; आपले जीव प्रोटीनसाठी डाव्या हाताची वापरतात, आणि बेन्नूत डावी-उजवी जवळपास सारखीच निघाली. ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत काही डावी जास्त होती, त्यामुळे हा डावेपणा आकाशातूनच आला असं वाटत होतं, ते आता तितकं सोपं राहिलं नाही. हे शिकवणाऱ्या मॅडमनी इतक्या आनंदाने सांगितलंय की ऐकत राहावं.

के२-१८बी या आपल्या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावर पण छान सांभाळून बोललेत. २०२५ मध्ये तिथे डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसल्याचा दावा झाला, पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांपासून येतो म्हणून गाजावाजा झाला. कोर्समध्ये लगेच दाखवतात की हाच रेणू ६७पी धूमकेतूवरही मिळालाय, आणि तिथे कोणी राहत नाही. शिवाय इतरांनी तोच डेटा परत तपासला तर पुरावा पुरेसा वाटला नाही.

तक्रारी आहेत. सबटायटल्स मशीनने केलेली आहेत, शास्त्रज्ञांची नावं वाचून ओळखू येत नाहीत. क्विझमध्ये सालं पाठ आहेत का तेच बघतात, व्हायकिंगसारखं विचार करायला लावणारं काही नाही. गुरूच्या युरोपा या चंद्रावरचा व्हिडिओ तिकडे जाणारं क्लिपर यान निघायच्या आधीचा आहे, ते ऑक्टोबर २०२४ मध्येच निघालंय आणि २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचंय, एवढी एक ओळ तरी टाकता आली असती. प्रश्न विचारला तर उत्तर आठ-दहा दिवसांनी, कधी येतच नाही.

करणार असाल तर क्रम मोडू नका, आणि पाचव्या आठवड्यात पुढचा ग्राफ उघडायच्या आधी आपलं उत्तर खरंच लिहा, नुसतं पुढे ढकलू नका. मी माझी तिन्ही उत्तरं जपून ठेवलीत.