सापाच्या टाकीचं झाकण: क्लिपा लावायच्या, सरकतं झाकण घ्यायचं की टाकीच बदलायची?

इकडे अमेरिकेत पहिल्यांदा कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन (दोन्ही घरी पाळले जाणारे बिनविषारी साप) आणला की त्याच्यासोबत बहुतेक वेळा काचेची टाकी आणि वर नुसतं ठेवायचं जाळीचं झाकण येतं, आणि खरी गडबड तिथेच आहे. (भारतातून वाचणाऱ्यांनी हे करू नका, आपले देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.)

आमचा कॉर्न स्नेक पेन्सिलीएवढा होता तेव्हा एका रात्रीत गायब. झाकणावर मधोमध दोन जाडजूड पुस्तकं होती, पण साप मध्ये ढकलतच नाही ना, तो काचेच्या कोपऱ्याला धरून उभा वर येतो, फटीला नाक लावतो आणि तिथेच जोर लावत राहतो, मग पुस्तकं जागच्या जागी आणि कोपरा उचललेला. तिसऱ्या दिवशी फ्रीजमागे उबेला बसलेला सापडला, तोवर घरात कुणाला धड झोप नाही. म्हणून वजन ठेवणं हा पर्याय मी धरतच नाही. चिकटपट्टी तर अजिबातच नको, सुटून आत लोंबली की खवल्यांना चिकटते, ओढली की कातडी सोलते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे क्लिपा. टाकीच्या काठाला बसतील अशाच घ्या, प्रत्येक बाजूला कोपऱ्याजवळ लावा, आणि उबेसाठी लावलेल्या दिव्याजवळ प्लास्टिकच्या नको, वितळतात. फक्त रोज उघडबंद करताना एखादी लावायची राहून जाते, तेवढ्यात साप बाहेर.

पिल्लासाठी मला सरकतं झाकण जास्त पटतं. ते खाचेत बसतं त्यामुळे उचलायला कोपराच उरत नाही, पण ते सरकू नये म्हणून असलेली पिन आठवणीने लावायची आणि खाचेत टाकीच्या तळाचा भुसा अडकला तर आधी साफ करायचा, नाहीतर झाकण पूर्ण बंद होत नाही.

मोठ्या सापाला मात्र पुढून उघडणारी टाकीच. महाग आहे, पण वरची जाळी पक्की बसवलेली असते, गरम दिवा रोज हलवायला लागत नाही, शिवाय वरून हात आला की साप दचकतो (त्याला तो घारीसारखा वाटत असणार), तेही टळतं. काचा सरकत्या असतील तर दोन काचांमधली फट बघा, पिल्लू त्यातून आरामात जातं, आणि कुलूप वेगळं लावा.

बॉल पायथनला ओलावा जास्त लागतो आणि जाळीतून तो उडून जातो, तेव्हा जाळीचा काही भाग फॉइलने झाका, दिव्याखालचा सोडून. जाळी धातूचीच हवी.

कुठलंही घ्या, साप आत सोडायच्या आधी झाकणाचे चारही कोपरे बोटाने जोरात वर उचलून बघा. त्याचं डोकं जाईल एवढी फट दिसली तर ते झाकण त्या सापासाठी नाही.