वखारभागात कोरून घेतलेली बरोक चौकट

दिवाणखान्यातल्या आरशासाठी सांगलीच्या वखारभागातल्या एका कोरीवकामाच्या कारखान्यातून बरोक, म्हणजे युरोपातल्या जुन्या भरगच्च नक्षीच्या शैलीची, सागवानी चौकट करून घेतली. ४ फूट बाय ३ फूट, पॉलिशसकट २२ हजार. ऑनलाइन मिळणाऱ्या फायबरच्या बरोक चौकटी याच्या निम्म्यात येतात, तरी हीच घ्या असं सांगेन.

कारण अकँथस या काटेरी कडांच्या झुडपाचं पान. सतराव्या शतकातल्या बरोक नक्षीचा सगळा जीव त्यात असतो. हे पान मुळात ग्रीकांच्या कोरिंथियन खांबांवरचं. एका मुलीच्या थडग्यावर ठेवलेल्या टोपलीभोवती ते उगवलेलं पाहून ग्रीक शिल्पकार कॅलिमॅकसला खांबाचा माथा सुचला, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. मरणानंतरही टिकणाऱ्या जीवनाची खूण म्हणून ते पुढे चर्चमध्येही आलं. बरोकमध्ये त्याचं टोक बाहेर वळतं, शीर वर उठते, पाठदेखील दिसते. फायबरमध्ये हे सगळं सपाट होऊन जातं. मिस्त्रींना मी कोकणातल्या खाडीकाठच्या मारांडीचा फोटो दाखवला, तीही अकँथसच. पटाशीनं पानाच्या कडेला त्यांनी इतकं खोल उतरवलंय की संध्याकाळी दिवा लावला की पान भिंतीपासून सुटल्यासारखं दिसतं.

द्राक्षांसाठी फोटो लागला नाही, तासगाव जवळच आहे. घड खाली निमुळता, मणी एकमेकांवर दाबलेले, मधूनच देठ. ख्रिस्ती वेदीवर द्राक्षं म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, म्हणून पिळाच्या खांबांवर वेल चढवायची रीत. रोमला सेंट पीटर चर्चमध्ये शिल्पकार बर्निनीनं १६२४ ते १६३३ या काळात ब्राँझचे पिळाचे खांब केले, त्यांवर मात्र लॉरेलची पानं आणि पोप आठव्या अर्बनच्या बार्बेरिनी घराण्याच्या मधमाश्या. घराची खूण नक्षीत घालायची ही पद्धत मला फार भावते. आमची शेती हळदीची, म्हणून माथ्यावरच्या शिंपल्याच्या दोन्ही अंगांना हळदीची पानं घ्यायला सांगितली. लांबट, शिरांची, सुरेख उतरलीत.

सोनेरी काम मात्र इथे करू नका. वर्ख लावत नाहीत, स्प्रे मारतात, आणि त्या रंगानं बारीक खाचा बुजतात. नुसतं पॉलिशच ठेवा. कॅटलॉगमधला एका अंगाला झुकलेला शिंपला रोकोको शैलीचा, म्हणजे बरोकच्या पुढच्या शतकाचा. बरोक हवं असेल तर तो मधोमध, दोन्ही बाजू सारख्या, असं कागदावर काढून द्या. दिवाळीला चौकट हवी असेल तर गणपतीच्या आधीच सांगून ठेवा.